गाइडात नसलेला उतारा

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एक उतारा असा येतो, जो कुठल्याच गाइडात, अपेक्षित प्रश्नसंचात किंवा क्लासच्या नोट्समध्ये आधी सापडत नाही. शाळेत त्याला 'अनसीन' म्हणतात. तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत या एका उताऱ्यावर १५ गुण आहेत: प्रश्नांचे १० आणि सारांशाचे ५. त्यात पाठ्यपुस्तकातल्या दोन उताऱ्यांचे २० आणि कवितांचे १० मिळवले की वाचून, समजून उत्तर द्यायचे गुण ४५ होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त. तरी जानेवारीत आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोतल्या कुठल्याही दहावीच्या मुलाला विचारा, 'इंग्रजीचं कुठवर आलं?' उत्तर ठरलेलं असतं. 'पत्रं झाली, स्पीच झालं, ॲप्रिसिएशनचे मुद्दे पाठ आहेत.' उताऱ्याचं नाव कुणी काढत नाही, कारण तो पाठ करता येत नाही. आणि जे पाठ होत नाही त्याची तयारीही होत नाही, असं आपण सगळ्यांनी धरूनच चाललो आहोत.

तयारी होते. फक्त ती जानेवारीत सुरू करून होत नाही, आणि पैसे मोजून तर मुळीच होत नाही.

हे सगळं मुख्यतः मराठी आणि सेमी माध्यमाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या दप्तरात 'माय इंग्लिश कोर्सबुक' आहे त्यांच्यासाठी. उर्दू माध्यमाच्या मुलांनाही तेच पुस्तक असतं. इंग्रजी माध्यमाचं 'कुमारभारती' वेगळं, त्याची कृतिपत्रिका वेगळी. पण वाचण्याची रीत दोन्हीकडे एकच.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलाच्या पाठीशी दहा वर्षांचं इंग्रजी असतं. शिक्षकांना इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण देणारी राज्य आंग्ल भाषा संस्था तर कित्येक वर्षं आपल्याच शहरात होती. इतकं असूनही चांगला चुणचुणीत मुलगा दहा ओळींच्या अनोळखी उताऱ्यापुढे का अडतो? त्याचं पुस्तक उघडून बघा, उत्तर तिथेच दिसेल. प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठी अर्थ लिहिलेला असतो. सर किंवा मॅडम ओळ वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, मुलं तो लिहून घेतात. पुढच्या वेळी पुस्तक उघडलं की डोळा थेट पेन्सिलीवर जातो. दहा वर्षं मुलाने इंग्रजी ऐकलं, त्याचा अर्थ मराठीत उतरवला, पण स्वतःहून वाचलं फार थोडं. बोर्डाच्या उताऱ्यावर पेन्सिल नसते.

तेव्हा पहिलं काम एवढंच: यापुढे पुस्तकात ओळीवर मराठी लिहायचं नाही. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा, अर्थ हवा तर समासात एक शब्द लिहा, पण ओळ मोकळी ठेवा.

आता उताऱ्याकडे. आपल्या शहरातली पाणचक्की सगळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून सरावासाठी तिच्यावरच पाच वाक्यं मी लिहिली आहेत. रोमन लिपीत ती वहीवर उतरवून घ्या आणि मग पुढे वाचा.

'द मिल वॉज नॉट बिल्ट फॉर अ किंग. इट ग्राउंड ग्रेन फॉर द पिल्ग्रिम्स अँड डिसायपल्स, हू स्टेड ॲट द श्राइन. ऑलदो द स्प्रिंग वॉज सेव्हरल किलोमीटर्स अवे इन द हिल्स, इट्स वॉटर रीच्ड द मिल थ्रू क्ले पाइप्स लेड अंडर द ग्राउंड. फॉलिंग फ्रॉम अ हाइट, इट टर्न्ड अ व्हील, अँड द व्हील टर्न्ड द स्टोन. नायदर मेन नॉर बुलक्स वेअर नीडेड.'

पहिलं वाचन हातात काही न घेता करायचं. पेन्सिल नाही, डिक्शनरी नाही, मोबाइल तर नाहीच. सलग शेवटपर्यंत जायचं आणि स्वतःला तीन गोष्टी मराठीत विचारायच्या: कशाबद्दल आहे, कुठे घडतंय, काय चाललंय. 'श्राइन' म्हणजे काय हे कळलं नाही तरी बिघडत नाही. पाणचक्की पाहिलेल्या मुलाला बाबाशाह मुसाफिरांचा दर्गा आठवेल, आणि यात्रेकरू मुक्कामाला राहतात ती जागा कसली असणार, हे आपसूक लक्षात येईल. आपल्याला आधीच माहीत असलेलं वापरणं ही लबाडी नव्हे; सराईत वाचणारे सगळे तेच करतात.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि क्रियापदं शोधा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपली मुलं इंग्रजी वाक्यातही शेवटाकडे धावतात. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. कर्ता आणि क्रियापद हाताला लागलं की वाक्याची अर्धी गाठ सुटते. इथेच 'ग्राउंड' हा शब्द मुलांना पाडतो. 'ग्राउंड' म्हणजे मैदान हे पहिलीपासून पाठ. मग 'चक्की मैदान धान्य' असं काहीतरी अगम्य तयार होतं आणि मुलगा तिथेच हात टेकतो. पण 'इट'च्या लगेच पुढे आलेला शब्द काम दाखवणारा असणार, आणि त्यापुढे 'ग्रेन' आहे. चक्की धान्याचं काय करते? दळते. झालं. तिसऱ्या वाक्यात तोच शब्द 'अंडर द'नंतर येतो, तिथे तो जमीनच. एकाच उताऱ्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही वेळा शब्दाची जागाच अर्थ सांगते. ही सवय लागली की दहातले सहा-सात अनोळखी शब्द डिक्शनरीशिवाय कळतात.

मग 'इट'चा माग काढायचा. चौथ्या वाक्यात 'इट टर्न्ड अ व्हील' आहे. हे 'इट' कोण? घाईत वाचणारा चक्की म्हणेल. पण पडतंय काय? पाणी. चाक पाण्याने फिरवलं. 'इट', 'दे', 'दिस', 'हिज' असे शब्द दिसले की पेन्सिलीने मागच्या नामापर्यंत बाण काढा. सुरुवातीला कागदावर बाणांचं जाळं होईल, होऊ द्या. महिन्याभरात बाण न काढता डोळाच मागे जाऊन यायला लागतो.

आणखी एक खोड 'हू', 'विच', 'दॅट'ची. मराठीत आपण 'जे दर्ग्यात राहत, त्या यात्रेकरूंसाठी' असं आधी जोडून मग नावाकडे येतो. इंग्रजीत नाव आधी येतं आणि त्याची माहिती मागून. बोर्डाच्या उताऱ्यात अशी वाक्यं तीन-तीन ओळींची असतात. उपाय सोपा आहे: 'हू'पासून पुढच्या स्वल्पविरामापर्यंतचा किंवा पूर्णविरामापर्यंतचा तुकडा अंगठ्याने झाका आणि उरलेलं वाक्य आधी वाचा. ते कळलं की अंगठा उचला.

आता प्रश्न. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर काय किंवा अनसीनवर काय, कृती ए-१ ते ए-५ अशा पाचच असतात, प्रत्येकी २ गुणांच्या. पहिली साधी माहिती शोधायची, दुसरी थोडी जोडून काढायची, तिसरी शब्दांची, चौथी व्याकरणाची, पाचवी तुमच्या मताची. प्रत्येकीत मुलं वेगळ्या ठिकाणी घसरतात.

समजा ए-१ मध्ये 'दगड फिरवायला बैल लागत' हे विधान चूक की बरोबर असं विचारलं. 'बुलक्स' हा शब्द उताऱ्यात दिसतो, म्हणून निम्मी मुलं 'ट्रू' लिहून मोकळी होतात. 'नायदर' आणि 'नॉर' त्यांच्या डोळ्याखालून निसटलेले असतात. उताऱ्यातला शब्द प्रश्नात आला म्हणजे उत्तर तिथेच आहे हे खरं, पण उत्तर होकारी आहे असं नव्हे. 'हार्डली', 'फ्यू', 'अनलेस', 'नो लाँगर', 'टू' आणि पाठोपाठ येणारा 'टू' अशा चिमुकल्या शब्दांनी वाक्य उलटं फिरतं. 'ऑलदो', 'हाउएव्हर', 'बट', 'इन स्पाइट ऑफ' दिसले की पुढे काहीतरी अपेक्षेविरुद्ध येणार हे ओळखायचं. अशा पंचवीस-तीस शब्दांची यादी एका कागदावर करून टेबलावर चिकटवा. त्या कागदाचा उपयोग शंभर पानी शब्दार्थ पुस्तिकेहून जास्त होईल.

ए-२ मध्ये बहुधा क्रम लावायचा असतो, तक्ता भरायचा असतो किंवा कारण सांगायचं असतं. पाण्याचा प्रवास क्रमाने लिहा म्हटलं, तर झरा, जमिनीखालचे मातीचे नळ, उंचावरून पडणं, चाक, दगड, अशी पाच टप्प्यांची साखळी हवी. मुलं मात्र तिसरं-चौथं वाक्य जसंच्या तसं उतरवतात. विचारलेलं तेवढंच उचलायचं. याचा सराव कोर्सबुकातल्या रस्किन बाँड यांच्या 'द बॉय हू ब्रोक द बँक' या धड्यावर छान होतो. पगार मिळाला नाही म्हणून एक झाडूवाला कुरकुर करतो आणि बघता बघता गावातली बँक बुडते. कोणी कोणाला काय सांगितलं आणि प्रत्येक तोंडातून जाताना त्यात काय भर पडली, हे वहीत बाणांनी मांडा. कार्यकारणाची साखळी एकदा स्वतः मांडली की बोर्डाच्या प्रश्नातली साखळी ओळखीची वाटते.

ए-३ आणि ए-४ बद्दल फार सांगण्यासारखं नाही. 'यात्रेकरू' या अर्थाचा शब्द शोधा, विरुद्धार्थी द्या, 'ऑलदो' काढून 'बट' वापरा, काळ बदला, असलेच प्रश्न येतात, आणि वर्षभर शाळेत व्याकरण केलेल्या मुलाला ते चार गुण सहज मिळतात. एकच सांगतो: वाक्य बदलताना अर्थ तोच राहिला का, हे शेवटी एकदा तपासा.

ए-५ कोरा सोडणाऱ्या मुलांची संख्या पाहिली की जीव हळहळतो. इथे चुकीचं उत्तरच नसतं. तुमचं मत, तुमचा अनुभव, तीन-चार सरळ वाक्यांत. वरच्या उताऱ्यावर विचारलं, 'तुमच्या भागात पाणी कसं जपता येईल?' आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाबद्दल, टँकरबद्दल, गच्चीवरच्या टाक्यांबद्दल लिहायला आपल्या शहरातल्या मुलांना विषयाची काय वाण! वाक्यं छोटी ठेवा. 'वी स्टोअर वॉटर इन ड्रम्स. माय मदर यूजेस द सेम वॉटर ट्वाइस.' एवढ्याने दोन गुणांचं काम होतं. भारी शब्दांच्या मागे लागून वाक्य मोडण्यापेक्षा साधं वाक्य उभं राहिलेलं बरं.

सारांशाचे ५ गुण याच उताऱ्यावर आहेत आणि तिथे सगळ्यात मोठा रोग म्हणजे नक्कल. पहिलं वाक्य, मधलं वाक्य, शेवटचं वाक्य उतरवलं की झाला सारांश, असा समज आहे. करून बघा असं: उतारा झाका. घरातल्या कुणाला तरी तो एक-दोन वाक्यांत मराठीत सांगा. आता तेच तुमच्या इंग्रजीत लिहा. 'वॉटर फ्रॉम द हिल्स रॅन अ मिल अँड हेल्प्ड टू फीड द पिल्ग्रिम्स.' पाच वाक्यांचं एक झालं. उदाहरणं, आकडे, विशेषणं गाळा, मूळ मुद्दा ठेवा, लांबी एक-तृतीयांशाच्या आसपास आणि वर एक शीर्षक. शीर्षक विसरून गुण घालवू नका.

हे झालं एका उताऱ्याचं. पण तंत्र कितीही घोटलं तरी पोटात इंग्रजी गेलेलं नसेल तर परीक्षेत वेळ पुरत नाही. काठावर बसून पोहण्याची पुस्तकं वाचण्यासारखं ते होतं. रोज वाचायला हवं. वीस मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

काय वाचायचं? इथे पालक हटकून चुकतात. दहावीचा मुलगा म्हणून त्याच्या हातात इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख किंवा जाडजूड कादंबरी देतात. मुलगा चार दिवसांत ती कपाटात टाकतो. एक पान वाचून बघा. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आज तुमच्यासाठी नाही. एक पायरी खाली उतरा. दहावीच्या मुलाने पाचवीच्या पातळीचं वाचलं तर त्यात कमीपणा कसला? सोपं वाचल्याने वेग येतो, वेग आला की गोडी लागते, आणि मग पायरी चढायला कुणी सांगावं लागत नाही.

सोपं आणि फुकट कुठे मिळेल तेही सांगतो. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. इंग्रजी माध्यमाच्या पाचवी, सहावी, सातवीच्या इंग्रजीच्या पुस्तकातले धडे उतरवून घ्या. मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलासाठी ते अगदी मापाचे अनसीन उतारे आहेत, आणि पाठाखाली कृतीही तयार दिलेल्या आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर हजारो गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात. आधी इंग्रजी वाचा, मग मराठीशी ताडून पाहा. उलटं करू नका. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाच्या खेळण्यांपासून गोष्टींपर्यंत पुस्तकांचा डोंगर आहे. छापील हवं असेल तर औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत 'टिंकल', 'अमर चित्र कथा' विचारा. चित्रांचा अर्थाला हातभार लागतो, आणि चित्रकथा वाचणं म्हणजे वेळ घालवणं असं मानणाऱ्या मोठ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

सेमीच्या मुलांना तर वेगळं काही शोधायलाच नको. त्यांचं विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीतच आहे. मुलं ते परीक्षेसाठी घोकतात, वाचत मात्र नाहीत. आठवड्यातून एकदा विज्ञानाचा एक परिच्छेद घ्या आणि त्यावर इंग्रजीच्या पद्धतीने ए-१ ते ए-५ स्वतः तयार करा. प्रश्न काढता यायला लागला की उत्तर शोधणं सोपं होतं, आणि जाता जाता विज्ञानही पक्कं होतं.

वर्तमानपत्र वाचायचंच असेल, तर आपल्या शहरातून निघणारा 'लोकमत टाइम्स' घ्या आणि फक्त स्थानिक पान वाचा. पावसाळ्यात जायकवाडीत पाणीसाठा किती झाला, याची बातमी नेमाने येते. घरी मराठी पेपरमध्ये ती वाचलेली असते, वडील चहा घेताना त्यावर बोललेले असतात. 'कॅचमेंट', 'इनफ्लो', 'डिस्चार्ज', 'गेट्स' हे शब्द मग डिक्शनरीशिवाय अंगवळणी पडतात, कारण गोष्ट आधीच माहीत आहे. क्रिकेटच्या पानाचंही तसंच. ज्याला सामना माहीत आहे त्याला बातमी समजते.

शाळेची सहल दौलताबाद, वेरूळ किंवा बीबी का मकबऱ्याला गेली की मुलं सेल्फी काढतात आणि पुरातत्त्व खात्याच्या पाटीला पाठ देऊन उभी राहतात. वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जगभरातून माणसं येतात आणि त्या पाट्या वाचूनच लेणी समजून घेतात. शिक्षकांनी एवढं करावं: गटागटाने इंग्रजी पाटी वाचायची, तीत काय लिहिलंय ते मराठीत सांगायचं, आणि मग मराठी पाटीशी ताडून बघायचं. वर्गात चाळीस मिनिटांत होत नाही ते तिथे दहा मिनिटांत होतं.

शब्दांची वही ठेवा, पण 'शब्द, बरोबर चिन्ह, अर्थ' अशी नको. ज्या वाक्यात शब्द भेटला ते पूर्ण वाक्य लिहा आणि शब्दाखाली रेघ मारा. दिवसाला पाच शब्द पुष्कळ झाले. 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' असे जोडशब्द मात्र सोडू नका. त्यांचे तुकडे ओळखीचे असतात आणि जोडीचा अर्थ वेगळाच निघतो. मोबाइलचा कॅमेरा पानावर धरून भाषांतर काढणं ही पेन्सिलीचीच नवी आवृत्ती आहे. स्वतः वाचून झाल्यावर, पडताळा घ्यायला तेवढाच वापरा.

आता आई-बाबांशी थोडं. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे कितीतरी पालक म्हणतात, 'आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय बघणार?' बघायला इंग्रजी लागतच नाही. मुलीने वीस मिनिटं वाचलं की तिला मराठीत सांगायला लावा: कोण होतं, काय झालं, का झालं, आणि हे तुला कशावरून कळलं? या शेवटच्या प्रश्नाला तिने पानावर बोट ठेवून ओळ दाखवली पाहिजे. ती अडखळली तर तिला नीट कळलेलं नाही, हे इंग्रजी न येणाऱ्यालाही लगेच ओळखू येतं. वर्षाला हजारो रुपये फी घेणाऱ्या क्लासमध्ये साठ मुलांच्या बॅचला हा प्रश्न कुणी एकेकाला विचारत नाही. घरी तुम्ही विचारू शकता.

उताऱ्यांचा घड्याळ लावून सराव दिवाळीनंतर सुरू करा, आधी नको. सध्याचा आराखडा मार्च २०१९ च्या परीक्षेपासून आहे, त्यामुळे त्याआधीच्या प्रश्नपत्रिकांवर वेळ घालवू नका. २०२१ ला करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, ते वर्ष वगळा. जुलैच्या पुरवणी परीक्षेच्या कृतिपत्रिका मात्र मुलं विसरतात. त्याही तेवढ्याच कामाच्या. आठवड्याला दोन उतारे, सारांशासकट, पस्तीस मिनिटांत. उत्तरं तपासताना चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा: शब्द अडला, 'नॉट' निसटला, प्रश्नच नीट वाचला नाही, की वेळ संपली. आठ-दहा उताऱ्यांनंतर आपलं नेमकं दुखणं कुठे आहे ते समोर येतं. बहुतेकांचं दुखणं प्रश्न न वाचण्याचं निघतं.

परीक्षेच्या दिवसाचा एक बदल लक्षात असू द्या. पूर्वी अकराच्या पेपरला दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका हातात पडायची आणि ती शांतपणे चाळता यायची. पेपरफुटीला आळा घालण्यासाठी २०२३ पासून मंडळाने ते बंद केलं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडून दिली. त्यामुळे अकराला सुरू होणारा पेपर आता दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. चाळायला वेगळा वेळ नाही, म्हणून उताऱ्याला हात घालताना आधी ए-१ आणि ए-२ चे प्रश्न वाचा, मग उतारा. काय शोधायचंय हे माहीत असलं की पहिल्याच वाचनात निम्मं सापडतं. अनसीन शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलू नका. तोवर डोळे थकतात आणि डोकं पत्रलेखनात अडकलेलं असतं. भाषाअभ्यासाचा पहिला प्रश्न आटोपला की हा उतारा घ्या. क्रम बदलायला हरकत नसते, फक्त प्रश्नक्रमांक ठळक लिहा.

कॉपीमुक्त अभियानाची दरवर्षी चर्चा होते, भरारी पथकांचे फोटो येतात. या १५ गुणांपुरती ती चर्चा गैरलागू आहे. न पाहिलेल्या उताऱ्याची चिठ्ठी कुणाला बनवताच येत नाही.

मंडळाच्या परीक्षा आता मार्चची वाट पाहत नाहीत. २०२५ ला दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणून सांगणं आहे ते आठवी-नववीच्या पालकांना: निकाल लागून सुट्टी सुरू झाली की क्लासची जाहिरात बघण्याआधी ई-बालभारतीवरून सातवीचं इंग्रजीचं पुस्तक उतरवून घ्या. रोज संध्याकाळी वीस मिनिटं मुलाला ते वाचू द्या, आणि मग त्याला जवळ बसवून मराठीत विचारा, 'आज काय वाचलंस, सांग बरं.'